दाण्याच्या दोन दळांमधले विष

मराठी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा कूट लागत नाही असा दिवस विरळाच. दाणे निवडायला सुपात घेतले, की एखादा सुरकुतलेला, साल काळपट पडलेला दाणा हाती येतो. तो नखाने उघडून पाहिला, तर दोन दळांच्या मधल्या खोबणीत, कोंबाच्या आसपास, क्वचित पिवळसर हिरवी भुकटी साचलेली दिसते. ही भुकटी म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे बीजाणू. बुरशी डोळ्यांना दिसते आणि दाणा कडवट किंवा खवट लागला तर जिभेलाही कळते. पण तिने तयार केलेल्या अफ्लाटॉक्सिन या विषाचा पत्ता चवीवरून किंवा वासावरून लागत नाही. बुरशी पुसून टाकली तरी विष दाण्यातच राहते, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकते. म्हणूनच हजारो वर्षे धान्य साठवणाऱ्या माणसाला या विषाची ओळख पटायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

ती ओळख पटली टर्की पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात टर्कीची पिल्ले पटापट मरू लागली आणि काही महिन्यांत मेलेल्या पक्ष्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. कारण सापडेना, म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ असेच नाव पडले. जंतूंचा माग काढूनही हाती काही लागले नाही. मात्र आजारी पक्ष्यांच्या खाद्यात एक गोष्ट समान निघाली, ती म्हणजे ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. त्या पेंडीचा अर्क बदकाच्या एक दिवसाच्या पिल्लांना दिला, की त्यांच्या यकृतात तशीच बिघाडाची चिन्हे दिसत. पुढे काही काळ ही पिल्लेच विष मोजण्याचे साधन ठरली. १९६१ मध्ये बुरशीची ओळख पटली आणि ‘ॲस्परजिलस’मधला ‘अ’, ‘फ्लेव्हस’मधला ‘फ्ला’ आणि विष या अर्थाचा ‘टॉक्सिन’ असे जोडून नाव तयार झाले. अर्कातील घटक वेगळे करून त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला, तेव्हा काही ठिपके निळे चमकले, काही हिरवे. इंग्रजीतील ‘ब्लू’ आणि ‘ग्रीन’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी ही अक्षरे मिळाली. त्यांतील सर्वांत घातक ते बी१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉर्ज ब्यूखी, जेराल्ड वोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये त्याची रचना उलगडली.

हे विष शरीरात गेल्यावर जे घडते, त्यात शरीराचीच यंत्रणा कारणीभूत ठरते. बाहेरून आलेले रसायन पाण्यात विरघळण्याजोगे करून बाहेर टाकायचे, हे यकृतातील विकरांचे नेहमीचे काम. बी१ च्या बाबतीत मात्र त्यांच्याकडून एक अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो, आणि तो डीएनएमधील ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतो. पेशीने ती जागा वेळेवर दुरुस्त केली नाही, तर डीएनएची नक्कल करताना त्याच्या लिपीतील एका अक्षराच्या, म्हणजे घटकाच्या, जागी दुसरे अक्षर पडते. १९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांना चीनमधील आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी५३ या जनुकाच्या एकाच ठरावीक जागी, २४९ व्या स्थानी, पुन्हा पुन्हा तसाच बदल आढळला. एखादे अन्नविष आपल्या हाताचा ठसा असा जनुकावर सोडून जाते, ही कर्करोगशास्त्रातील मोठीच उकल होती. ज्याला हिपॅटायटिस बी या विषाणूची जुनी लागण आहे, त्याच्या बाबतीत हे दोन धोके नुसते एकात एक मिळत नाहीत, ते एकमेकांना कितीतरी पटींनी वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

कर्करोग वर्षानुवर्षांच्या थोड्या थोड्या विषाने होतो. एकदम भरपूर विष पोटात गेले तर काय होते, हे आपल्या शेजारच्याच प्रदेशाने पाहिले आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांतील दोनशेहून अधिक गावांत काविळीची साथ पसरली. रुग्णांचे डोळे पिवळे होत आणि पोटात पाणी साठून ते फुगे. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. विषाणूची कावीळ असती तर ती गावातील कोणालाही झाली असती. इथे मात्र ती मक्यावर पोट असलेल्या आदिवासी कुटुंबांतच होती. त्याहून बोलके चिन्ह उंबऱ्याबाहेर होते. त्याच घरांतले उष्टे खाणारे कुत्रेही पोट फुगून मेले होते, आणि माणसाच्या काविळीचा विषाणू कुत्र्याला असा मारत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट, व्ही. नागराजन आणि टी. बी. जी. तिलक यांनी घराघरांतला मका तपासला. काढणीच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसात कणसे भिजली होती आणि तीच ओली घरात साठवली गेली होती. काही नमुन्यांत किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज भारतात धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. म्हणजे त्या मक्यात मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होते. १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या पथकाचा वृत्तांत छापून आला आणि अफ्लाटॉक्सिनमुळे माणसांत येणाऱ्या साथीच्या अभ्यासात तो आजही आधाराला घेतला जातो.

या घटनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बुरसटलेला मका खराब आहे, हे त्या घरांना दिसत नसेल असे मुळीच नाही. पण वर्षाचे तेवढेच धान्य हाती असेल, तर टाकून द्यायचे ते काय आणि खायचे काय? ज्याच्या ताटात रोज तेच एक धान्य असते, त्याच्या पोटात त्या धान्यातले सगळे विष जाते. ज्याचे ताट चौरस आहे, त्याच्या पोटात त्यातला अंशच जातो. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात ३१७ जण आजारी पडले आणि १२५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही घरचा मका ओलाच साठवला गेला होता. दख्खनच्या पठारावर १९९५ मध्ये पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन २७ गावांतील लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तिथे फ्युमोनिसिन हे वेगळ्या बुरशीचे वेगळे विष होते, पण ज्वारी काळी पडली तरी तिचीच भाकरी करावी लागण्याची वेळ तीच होती.

विषाची सुरुवात मात्र पोत्यात होत नाही, ती बऱ्याचदा शेतातच होते. भुईमुगाला फुले जमिनीच्या वर येतात आणि मग आऱ्या मातीत शिरून शेंगा जमिनीखाली पोसल्या जातात, म्हणजे मातीतल्या बुरशीच्या ऐन शेजारात. पाणी पुरेसे असेल तोवर दाणा स्वतःची बुरशीरोधक द्रव्ये तयार करून तिला दूर ठेवतो. शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ओढ दिली आणि जमीन तापली, की दाण्यातला ओलावा घटतो आणि ही द्रव्ये तयार होणे थांबते. बुरशीला मात्र तेवढा ओलावा पुरतो. त्यातच हुमणीने किंवा वाळवीने टरफल पोखरले, तर तिला वाट मोकळीच मिळते. नंतर काढणीच्या वेळी पाऊस आला आणि ओल्या शेंगांचा ढीग तसाच राहिला, तर उरलेले काम पूर्ण होते. शेंगा चांगल्या वाळल्या की हातात घेऊन हलवल्यावर आत दाणा खुळखुळतो. साठवणीसाठी दाण्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. ओल्या शेंगांचे वाळवण पातळ पसरणे आणि जमिनीचा ओलावा लागू नये म्हणून पोती फळ्यांवर रचणे या साध्या कामांनी जेवढे विष अडते, तेवढे पुढच्या कोणत्याही टप्प्यावर अडत नाही.

कारण स्वयंपाकघरातील आच त्याला पुरी पडत नाही. दाणे भाजल्याने थोडे विष कमी होते, पण भाकरीच्या किंवा भाजीच्या शिजण्याने ते नाहीसे होत नाही. तेल काढताना बरेचसे विष पेंडीत उतरते. तेलाच्या शुद्धीकरणात उरलेले जवळजवळ निघून जाते, घाण्याच्या कच्च्या तेलात मात्र काही अंश राहू शकतो. पेंड जनावराच्या दावणीत पडते. गाई-म्हशीच्या यकृतात बी१ चे रूप पालटून एम१ होते. ‘एम’ हे अक्षर ‘मिल्क’वरून आलेले. खाद्यातील बी१ पैकी साधारण एक ते सहा टक्के भाग असा दुधात उतरतो, तोही एका दिवसाच्या आत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील ६,४३२ दुधाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. पाण्याच्या भेसळीची चर्चा घरोघर होते; हे दूध मात्र भेसळीशिवाय, केवळ बुरसट पेंडीमुळे बिघडलेले असते आणि उकळूनही सुधारत नाही. बुरशी आलेला मका माणसांना नको म्हणून म्हशीपुढे टाकण्याची जुनी सवय आहे, तिचा हिशोब असा लहान मुलांच्या पेल्यापर्यंत येतो.

संशोधनाची एक दिशा मोठी विलक्षण आहे. निसर्गात ॲस्परजिलस फ्लेव्हसचे काही वाण असे आहेत, की ते विष तयारच करू शकत नाहीत. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतील पीटर कॉटी यांनी ॲरिझोनातील कपाशीत हे निरुपद्रवी वाण सोडून विषारी वाणांची जागा बळकावता येते, हे दाखवले. मूळचे भारतीय वनस्पतिरोगतज्ज्ञ रणजित बंद्योपाध्याय यांनी नायजेरियातील इबादान येथील उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत कॉटी यांच्यासह तेच तंत्र आफ्रिकेच्या मका आणि भुईमुगासाठी उभे केले. त्या त्या देशातल्या मातीतून चार निरुपद्रवी वाण निवडायचे, आणि त्यांचे बीजाणू भाजून निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवायचे. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ही निळ्या रंगाने माखलेली ज्वारी हेक्टरी १० किलो या प्रमाणात हाताने फेकली, की ओल मिळताच निरुपद्रवी बुरशी वाढते आणि विषारी बुरशीला कणसापर्यंत पोचायला जागा उरत नाही. शेतांतील चाचण्यांत विष ८० टक्क्यांहून अधिक घटले.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत दुसरी वाट चोखाळली गेली. पूजा भटनागर-माथुर, किरण शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुईमुगात दोन गोष्टी बसवल्या: बुरशीला वाढू न देणारी प्रथिने, आणि बुरशीच्या विष तयार करणाऱ्या जनुकांना गप्प करणारे लहान आरएनए. असा भुईमूग जनुकीय बदल केलेला असल्याने शेतकऱ्याच्या हाती पोचण्याआधी त्याला चाचण्यांची आणि परवानग्यांची मोठी वाट चालावी लागते. तोवर त्याच संस्थेने तयार केलेली कमी खर्चाची तपासणी पद्धत उपयोगी पडते. तपासणीतही एक अडचण आहेच: विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते, बहुतेक दाणे स्वच्छ आणि मोजके दाणे विषाने भरलेले असा प्रकार असतो, आणि एखादा सुरकुतलेला दाणा किलोभर शेंगदाणे मर्यादेबाहेर नेऊ शकतो. त्यामुळे पोत्याच्या एकाच कोपऱ्यातून घेतलेल्या मूठभर नमुन्यावर विसंबता येत नाही. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून काढलेले दाणे एकत्र दळून मगच चाचणी करावी लागते.