बोट्सवाना : शासनसंस्था आणि आर्थिक विकास

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील भूवेष्टित देश. गरीब देशाची प्रगती ठरवण्यात राज्यकारभाराचा वाटा किती, या चर्चेत बोट्सवानाचे उदाहरण हमखास येते. ३० सप्टेंबर १९६६ रोजी तो ब्रिटिश अमलातून स्वतंत्र झाला, तेव्हा देशभरात डांबरी रस्ता सुमारे १२ किलोमीटर होता आणि विद्यापीठाचे पदवीधर मोजून बावीस. ब्रिटिशांनी कारभारही देशाच्या हद्दीबाहेरच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून चालवला होता. गाबोरोन ही राजधानी नव्याने वसवावी लागली. उपजीविकेचे साधन गुरे, आणि दुष्काळ पाठीस लागलेला.

१९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. त्याच वर्षी झालेल्या खनिज कायद्याने भूगर्भातील संपत्तीचा हक्क टोळ्यांकडून काढून राष्ट्राकडे दिला. ओरापा बामंग्वाटो टोळीच्या प्रदेशात होते आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा याच टोळीच्या राजघराण्यातले. स्वतःच्या लोकांचा हक्क त्यांनी देशाच्या स्वाधीन केला. या देशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणावा लागेल, कारण खाणीच्या मालकीवरून टोळ्याटोळ्यांत भांडण लागण्याची वाटच त्याने बंद केली. पुढे सरकारने हिऱ्यांच्या व्यवसायातल्या डी बिअर्स कंपनीशी वाटाघाटी करून खाणकंपनीतला आपला हिस्सा निम्म्यापर्यंत नेला. ओरापाची खाण १९७१ मध्ये आणि ज्वानेंगची १९८२ मध्ये सुरू झाली.

आलेला पैसा कुठे गेला, हे अधिक महत्त्वाचे. अर्थ आणि नियोजन ही दोन्ही कामे एकाच मंत्रालयाकडे ठेवली गेली आणि खर्च संसदेने मंजूर केलेल्या विकास आराखड्यांशी बांधला गेला. दीर्घकाळ अर्थमंत्री राहिलेल्या क्वेट मासिरे यांची ही शिस्त. स्वदेशी माणसे तयार होईपर्यंत परकीय अधिकाऱ्यांना घाईने घालवले नाही. हिऱ्यांच्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले आणि शिल्लक ‘पुला’ निधीत जमा होऊ लागली. पुला म्हणजे पाऊस; चलनाचे नावही तेच. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणारा बोट्सवाना पहिला देश ठरला.

या शिस्तीची मुळे जुनी आहेत. देशातल्या बहुसंख्य त्स्वाना लोकांच्या गावात ‘खोट्ला’ भरते. आपल्या गावचावडीसारखी ही सभा. तिथे प्रमुखासमोर आपले म्हणणे मांडता येते. ‘प्रमुख लोकांमुळे प्रमुख असतो’ अशा अर्थाची म्हण तिथे रूढ आहे. १८९५ मध्ये तीन त्स्वाना प्रमुखांनी थेट इंग्लंड गाठून आपला मुलूख ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात जाण्यापासून वाचवला. त्यामुळे जुन्या संस्था बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. अर्थात खोट्लात स्त्रियांना आणि सान या आदिवासी लोकांना पूर्वी स्थान नव्हते, हे विसरता येत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशाशी तुलना नेहमी केली जाते. तिथे हिरे असूनही १९९१ ते २००२ यादवी युद्ध पेटले. पण सगळे श्रेय संस्थांना देणे बरोबर नाही. तिथले बरेच हिरे नदीकाठच्या गाळात, फावडे घेऊन आलेल्या कुणालाही काढता येण्याजोगे. बोट्सवानातले खडकात खोलवर. मोठी यंत्रे आणि भांडवल असल्याशिवाय हाती न लागणारे. सरकारला त्यांवर नजर ठेवणे सोपे गेले.

उणिवाही गंभीर आहेत. उत्पन्नातील विषमता जगातल्या सर्वाधिक विषम देशांच्या पंक्तीतली आहे. मध्य कालाहारी वाळवंटातील सान लोकांना सरकारने त्यांच्या भूमीतून हलवले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. निर्यातीचा मोठा भाग अजूनही हिऱ्यांवरच अवलंबून असल्याने प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी बाजार पडताच तिजोरीवर ताण आला. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून ५८ वर्षे सत्तेत असलेल्या पक्षाला केवळ चार जागा मिळाल्या. राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासीसी यांनी अंतिम निकालाची वाट न पाहता पराभव मान्य केला आणि सत्ता ड्यूमा बोको यांच्याकडे शांततेने गेली.