शहरी निसर्गस्थळांचे श्रमदान (खानदेश)

शहराच्या हद्दीतली किंवा हद्दीला लागून असलेली तळी, नदीकाठ, नाले, टेकड्या आणि कुरणे नागरिकांनी बिनमोबदला साफ करणे आणि तिथला मूळ झाडोरा, पाणी व जीवसृष्टी परत यावी म्हणून खपणे, याला खानदेशात सर्रास ‘श्रमदान’ म्हणतात. या एका नावाखाली दोन निरनिराळी कामे येतात. सफाई म्हणजे आलेला कचरा उचलणे. पुनरुज्जीवन म्हणजे माती, पाणी आणि वनस्पती यांची विस्कटलेली घडी बसवणे. पहिले काम एका रविवारी उरकते आणि त्याचा फोटोही चांगला येतो. दुसऱ्याला निदान तीन उन्हाळे लागतात, आणि खानदेशचा उन्हाळा ही साधी गोष्ट नव्हे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा सपाट भाग तापी खोऱ्यात येतो. इथे वर्षाला साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोपाची मुळे त्या भेगांत उघडी पडून वाळतात. पुण्या-कोकणातली वृक्षारोपणाची वेळापत्रके इथे जशीच्या तशी चालत नाहीत, त्याचे कारण हेच.

स्थळे

जळगावात मेहरूण तलाव, मोहाडी रस्त्याकडचे लांडोरखोरी वनोद्यान आणि शहराबाहेरचे गिरणेचे पात्र ही श्रमदानाची ठरलेली ठिकाणे. धुळ्यात शहराच्या मधून वाहणारी पांझरा, नकाणे तलाव आणि लळिंग किल्ल्याच्या पायथ्याचे कुरण. अमळनेरला बोरी, चाळीसगावला तितूर, भुसावळला तापीचा काठ. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांत उगम पावते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. धुळ्यात एकवीरा देवीच्या मंदिराजवळ काठ साफ करणारा माणूस मोठ्या नदीच्या एका तुकड्यावर काम करत असतो. वरच्या गावांचे सांडपाणी आणि खालच्या गावांचा उपसा त्याच्या हातात नसतो.

पूर्वपीठिका

मिळून पाणी आणि पाट सांभाळण्याची रीत या भागाला नवी नाही. पांझरेवर आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर काही शतके चाललेल्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटांची सफाई आणि डागडुजी लाभधारक शेतकरीच वाटून घेत. पाणी सोडायला पाटकरी आणि राखायला जागल्या असे. ते काम पुण्य जोडण्यासाठी नव्हते. पाट तुंबला तर स्वतःचाच ऊस वाळणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. शहरातल्या श्रमदानात हा थेट हितसंबंध नसतो आणि म्हणूनच ते टिकवणे अवघड जाते.

हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) सफाईला जी प्रतिष्ठा दिली, तिचा आधार आजही प्रत्येक मोहिमेच्या भाषणात घेतला जातो. संघटित मनुष्यबळ मात्र आले ते १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतून. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे असते. तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये १९९० साली स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे शहरातल्या कुठल्याही मोठ्या मोहिमेत सर्वाधिक संख्या ‘एनएसएस’च्या मुलामुलींचीच दिसते. २०१४ चे स्वच्छ भारत अभियान, २०१६ ते २०१९ मधल्या राज्य शासनाच्या वृक्षलागवड मोहिमा आणि २ ऑक्टोबर २०२० पासूनचे ‘माझी वसुंधरा’ अभियान यांनी या कामाला सरकारी पाठबळ दिले, तशी आकड्यांची हौसही दिली.

मोहिमांची गर्दी ओसरल्यावर टिकतात ती बहुधा तीन प्रकारची माणसे : रोज तलावावर फिरायला येणारे निवृत्त लोक, पक्षीनिरीक्षक आणि सर्पमित्र.

काठावरचा कचरा

खानदेशी तलावाच्या काठावरचा कचरा बघून तिथी सांगता येते. श्रावणात घरोघर बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीच्या विसर्जनानंतर फुलवेण्या, केळीची पाने आणि नारळाच्या शेंड्या सापडतात. भाद्रपदात गणपती आणि त्यामागून मुलींच्या उत्सवातली गुलाबाई. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. पाणी आटले की तिचे हात-पाय, आतला काथ्या आणि लोखंडी सळया चिखलातून वर येतात आणि अनवाणी उतरणाऱ्याच्या पायात घुसतात. निर्माल्य तर बहुतेक वेळा आणलेल्या कॅरीबॅगेसकट, गाठ न सोडता पाण्यात पडते. त्याचे खत होते खरे, पण आधी प्रत्येक हार सोडवावा लागतो. नायलॉनचा दोरा, चमकीची पट्टी, प्लास्टिकचा गोंडा आणि कापराची वेष्टने काढून टाकल्यावर उरलेली फुले खड्ड्यात जातात. हे काम कंटाळवाणे आहे आणि फोटोसाठी कुणी ते करत नाही. पण निर्माल्य कलशांचा उपयोग व्हायचा की ते नुसते कचऱ्याचे मोठे डबे ठरायचे, हे याच कामावर ठरते.

हिवाळ्यात भरीत पार्ट्यांचा कचरा. पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) किंवा तुरीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजली जातात. राखेची गोल खूण जमिनीवर राहते, तिच्याभोवती द्रोण, ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या. केळीच्या पानावर पंगत उठत होती तोवर मागे राहिलेले गुरे खाऊन टाकत. आता ताटाला आतून प्लास्टिकचा थर असतो. राज्यात मार्च २०१८ पासून थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, गुटख्यावर तर २०१२ पासून. तरी बारमाही कचऱ्यात सगळ्यात चिवट असतात त्या गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. त्या इतक्या हलक्या असतात की खराट्याने गोळा होत नाहीत, हाताने एकेक वेचाव्या लागतात.

गोळा केलेल्या कचऱ्याचे पुढे काय, हा प्रश्न मोहिमेच्या आधी सुटला पाहिजे. ओला, सुका, काच आणि धोकादायक असे वेगळे ढीग करून घंटागाडी किंवा ट्रॅक्टर त्याच दिवशी येईल याची खात्री करावी लागते. तसे झाले नाही तर पोती काठावरच पडून राहतात, कुत्री ती फोडतात आणि पुढच्या रविवारी तोच कचरा पुन्हा वेचावा लागतो. सुया, औषधांच्या बाटल्या, पट्ट्या असा दवाखान्याचा कचरा दिसल्यास स्वयंसेवकांनी त्याला हात न लावता महापालिकेला कळवायचे असते. हातमोजे आणि बूट लागतातच. दगड-पालापाचोळा उचलताना आधी काठीने हलवून पाहतात, कारण घोणस आणि फुरसे दोन्ही इथले आहेत. उन्हाळ्यात काम सकाळी सहाला सुरू करून नऊच्या आत थांबवणे शहाणपणाचे.

जलपर्णी आणि सांडपाणी

जलपर्णी काढणे हे श्रमदानातले सगळ्यात दमवणारे आणि सगळ्यात निष्फळ ठरू शकणारे काम. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांच्या सुमारास दुप्पट होते. ती काढून काठावरच टाकली तर पहिल्या पावसात परत पाण्यात जाते, म्हणून लांब नेऊन सुकवावी किंवा कुजवावी लागते. पण मूळ दुखणे सांडपाण्याचे. नाल्यातून नत्र आणि स्फुरदयुक्त मैलापाणी येत असेल तोवर हिरवा गालिचा परत येणारच. त्यामुळे अनुभवी गट जलपर्णीबरोबर नाल्याची तोंडेही नोंदतात. कुठून काळे पाणी येते, किती वाजता येते, हे लिहून महापालिकेकडे देणे हेसुद्धा श्रमदानच, फक्त त्यात घाम कमी आणि खेटे जास्त.

काय उपटावे, काय लावावे

गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटतात. त्याने अंगावर पुरळ येते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो, म्हणून हातमोज्यांशिवाय त्याला हात लावत नाहीत. घाणेरी (टणटणी) वरून छाटली तर दुप्पट फुटते. ती जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडून, उलटी करून सुकवावी लागते. नदीपात्रातली वेडी बाभूळ आणि नाल्यांतले बेशरम नावाचे झुडूप हे यंत्राशिवाय फारसे हलत नाहीत.

लागवडीत खानदेशाची स्वतःची यादी आहे : निंब, हिवर, खैर, पळस, बेल, बोर, टेकडीवर सालई, धावडा आणि अंजन, नदीकाठी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. अंजन हे सातपुड्याच्या पायथ्याचे खास झाड. ते वर वाढण्याआधी मूळ खोल नेते. प्लास्टिकच्या पिशवीत वाढवले तर ते मूळ तळाशी वेटोळे घालते, म्हणून अंजन आणि पळस बी टोकूनच लावलेले बरे. बोराची गोष्ट जरा खेदाची आहे. मेहरूणच्या बोरांमुळे जळगावातल्या या परिसराचे नाव फळबाजारात ठाऊक झाले, आणि त्याच तलावाकाठच्या लागवडीत काट्यांमुळे बोर कुणाला नको असते. त्याऐवजी गुलमोहर, सोनमोहर लावतात. ती झाडे वाऱ्यात मोडतात आणि इथल्या पाखरांना त्यांचा बोराइतका उपयोगही नाही.

खड्डे दोन फूट लांब, रुंद आणि खोल, एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू देतात. पहिला चांगला पाऊस पडून माती मुरली की रोप लागते. त्यानंतरचे काम पाण्याचे. जळगाव हे ठिबक सिंचनाच्या उद्योगाचे गाव असल्याने शेतातून निघालेल्या जुन्या नळ्या सहज मिळतात. त्या नाहीत तिथे रोपाशेजारी मडके पुरतात किंवा सलाईनची रिकामी बाटली काठीला टांगतात. बुंध्याभोवती वाळल्या पानांचे आच्छादन दिले की काळ्या मातीच्या भेगा कमी पडतात. टेकडीवर आधी सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले खंदक) आणि लहान दगडी बांध, मग झाडे. उलटा क्रम केला तर पहिल्या जोरदार पावसात खड्ड्यातली माती खाली जाते.

प्रत्येक मोकळ्या जागी झाड हवेच असे नाही. लळिंगसारख्या कुरणात पवना, मारवेल, कुसळी ही गवते हीच मूळ संपत्ती आहे. तिथे खड्डे खणणे म्हणजे चांगले गवत मोडून सुमार वन करणे. कुरणात स्वयंसेवकांचे खरे काम हिवाळ्याअखेरीस असते : वनविभागाबरोबर जाळरेषा (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढणे आणि वणव्यावर नजर ठेवणे. तसेच एप्रिल-मेमध्ये आटलेल्या तलावाच्या काठावर टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. खड्यांत खडा दिसावी अशी ती अंडी पन्नास जणांच्या रांगेत हमखास चिरडली जातात. त्या महिन्यांत काठाची सरसकट सफाई टाळून पक्षीनिरीक्षकाला पुढे चालवणे सोयीचे.

परवानगी आणि वाद

तलाव महापालिकेचा, टेकडी वनविभागाची, नदीपात्र महसूल आणि जलसंपदा खात्याचे, अशी विभागणी असते. राखीव वनात कुदळ मारायला वनविभागाची लेखी संमती लागते. शहरातले झाड तोडणे, मग ते परके का असेना, १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय चालत नाही. सुबाभूळ काढायला गेलेल्या उत्साही गटांना हे बहुधा नंतर कळते.

सुशोभीकरण आणि पुनरुज्जीवन यांतला वाद तिन्ही जिल्ह्यांत कमीअधिक आहे. काठाला दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर), पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि हिरवळ आली की लोकांना तलाव ‘झाला’ असे वाटते. पण उथळ चिखलाचा काठ गेला की पाणलावे आणि बगळे खायला कुठे उतरणार? नाल्याला काँक्रीटचा तळ दिला की पाणी जमिनीत मुरायचे थांबते आणि पावसाळ्यात लोंढा खालच्या वस्तीवर जातो.

यशाचे मोजमाप अजून बहुतेक ठिकाणी लावलेल्या रोपांच्या संख्येने होते आणि ती संख्या जुलैतली असते. काही गट आता मोजणी पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडण्याआधी करतात. रोपाला क्रमांक, शेजारी जिवंत किंवा मेलेले एवढीच नोंद, आणि मेलेल्याच्या जागी कारण : पाणी, शेळी, वणवा की चोरी. तिच्यासोबत हिवाळ्यातली पक्षीगणना ठेवली तर तलावाचा हिशेब पुरा होतो.