पोट दाबल्याने बाळ लवकर येत नाही

कोकणातल्या आरोग्य केंद्रात नव्या सिस्टरला पहिल्याच रात्री नातेवाईक सांगतात, "पोट दाबा, सुटेल लवकर." दाबू नका. वरच्या दाबाने गर्भाशय फाटू शकतं, खाली खोल जखम होते. जागतिक आरोग्य संघटनाही हे नकोच म्हणते.

बाईला कळ येईल तेव्हाच जोर करू द्या. दर 5 मिनिटांनी, कळ ओसरताच, मिनिटभर बाळाचे ठोके मोजा. 110 च्या खालीच राहिले तर डाव्या कुशीवर वळवा, डॉक्टरांना लगेच बोलवा. जिल्हा रुग्णालय लांब असेल तर 108 ला उशीर नको.

समज पसरला कारण पोटावर हात बाळ आल्यानंतर खरंच लागतो: जुळं नाही ना हे चाचपून मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं इंजेक्शन) 10 युनिट द्यायला, आणि वार (बाळाला पोसणारा नाळेचा गोळा) पडल्यावर गर्भाशय सोललेल्या नारळासारखं घट्ट लागतंय का ते बघायला. मऊ लागलं तर चोळा, रक्तस्राव तपासा.