बॅटरी चार्ज होत नाही, की चार्ज टिकत नाही?

कॅम्परव्हॅनमध्ये मध्यरात्री फ्रिज बंद पडतो, दिवे मंदावतात आणि इन्व्हर्टर बीप देऊन थांबतो, तेव्हा ‘बॅटरी गेली’ असे म्हणून बहुतेक जण नवी बॅटरी आणायला निघतात. वास्तविक हेच लक्षण दोन अगदी वेगळ्या दोषांचे असू शकते. एकात बॅटरी धडधाकट असते, पण तिच्यापर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही. दुसऱ्यात वीज नीट पोहोचते, पण ती साठवण्याची ताकदच बॅटरीत उरलेली नसते. पहिल्या दोषात बॅटरी बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, कारण नवी बॅटरीही अर्धवट चार्ज राहून लवकरच निकामी होते.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवरचा सगळा लोड (तिच्यावर चालणारी उपकरणे) काढून तिला काही तास तशीच ठेवल्यावर, ती भरलेली असेल तर मल्टीमीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो आणि निम्मी उतरली असेल तर सुमारे १२.२. मात्र या आकड्यावरून बॅटरी आत्ता किती भरली आहे एवढेच कळते, तिच्यात एकूण किती मावते ते कळत नाही. झिजलेली बॅटरीसुद्धा भरल्यावर १२.६ दाखवू शकते. म्हणून खरी तपासणी चार्जिंग चालू असतानाच करावी.

इंजिन चालू ठेवून आधी अल्टरनेटरपाशी (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रापाशी) आणि मग फ्रिज-दिवे चालवणाऱ्या मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. पुढे १४.२ आणि मागे १३.२ असेल, तर दोष वाटेत आहे: २० अँपिअरचा प्रवाह अवघ्या ०.०५ ओहमच्या रोधातून गेला, तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि चार्जिंग फार मंदावते. बारीक वायर, चेसिसला जोडलेले गंजलेले अर्थिंग किंवा हाताला गरम लागणारा फ्यूज होल्डर ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मीटरची पिन एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि एकदा त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवून पाहावी. दोन आकड्यांत ठळक फरक आला, तर तो जोडच साफ करून घट्ट करायचा आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये इंजिनाचा संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, त्यामुळे साध्या रिलेवर (इंजिन चालू असताना तिला अल्टरनेटरशी जोडणाऱ्या स्विचवर) अवलंबून असलेली मागची बॅटरी अर्धवटच भरते. तिथे कमी व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवे तेवढे देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवणे हाच माझ्या मते योग्य उपाय आहे.

थकलेल्या बॅटरीचे वागणे नेमके उलटे असते. चार्जर लावताच तिचे व्होल्टेज झपाट्याने १४.४ पर्यंत चढते, प्रवाह लगेच ओसरतो आणि थोड्याच वेळात चार्जर ‘फुल’ दाखवतो. लोड टाकला की ती तितक्याच वेगाने कोसळते. १०० अँपिअर-अवरची नवी बॅटरी ५ अँपिअरच्या लोडवर १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला सुमारे २० तास घेते. पूर्ण चार्ज करूनही तीच बॅटरी १० तासांत तिथे आली, तर तिची क्षमता निम्मी उरली आहे असे समजावे. ही चाचणी बॅटरीला जड जाते, त्यामुळे ती वारंवार करू नये आणि संपताच बॅटरी पुन्हा पूर्ण भरावी.

हे दोन दोष एकमेकांपासून तुटलेले नाहीत. महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि पहिला दोष दुसऱ्याला जन्म देतो. त्यामुळे बॅटरी खरोखरच थकलेली निघाली, तरी नवी बसवण्याआधी चार्जिंगची वाट तपासलीच पाहिजे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला वरचे आकडे लावू नयेत. तिचे व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहते, त्यामुळे तिथे शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध) लावलेला बॅटरी मॉनिटरच भरवशाचा ठरतो. लडाख किंवा स्पितीच्या थंडीत बॅटरीचे तापमान शून्याखाली गेल्यावर तिच्या आतले संरक्षक सर्किट बहुधा चार्जिंग स्वतःहून थांबवते. तो बिघाड नव्हे, आणि बॅटरी ऊबदार झाली की चार्जिंग पुन्हा सुरू होते.