इलियट बहिणी आणि कालो बहिणी: एक फॅशन हाउस कल्पनेतलं, एक खरं

बीबीसीची ‘द हाउस ऑफ इलियट’ ही मालिका पाहिलेल्या अनेकांचा असा समज असतो की ही कुठल्यातरी खऱ्या फॅशन हाउसची हकिगत आहे. फॅशनच्या इतिहासात डोकावलं की पॅरिसच्या कालो बहिणी भेटतात आणि हा समज आणखी पक्का होतो. दोन्हीकडे बहिणी, दोन्हीकडे उंची पोशाख, काळही जवळपासचा. पण मालिका कालो बहिणींवर बेतलेली नाही. इलियट बहिणी जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींच्या कल्पनेतून जन्मल्या. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या आधीच्या गाजलेल्या मालिकेची कल्पनाही या दोघींचीच. कालो बहिणी मात्र खऱ्याखुऱ्या होत्या. एकूण चौघी, आणि त्यांनी १८९५ मध्ये पॅरिसमध्ये आपलं हाउस उघडलं.

मालिका १९९१ ते १९९४ या काळात तीन भागमालांत दाखवली गेली. कथा १९२० च्या दशकातल्या लंडनची. वडील डॉक्टर, स्वभावाने अतिशय कडक. मुलींना बाहेरचं जग दिसू द्यायचं नाही, शिक्षण द्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या. ते वारतात तेव्हा बिआट्रिस आणि इव्हँजेलिन यांना कळतं की पैसा जवळजवळ उरलेला नाही, आणि वडिलांचं आणखी एक आयुष्य होतं जे आपल्याला कधी दिसलंच नाही. दोघींच्या वयात बरंच अंतर, त्यामुळे थोरली धाकटीची अर्धी आईच. थोरली जॅक मॅडॉक्स या छायाचित्रकाराकडे नोकरी धरते. घरी स्वतःपुरते कपडे शिवून हाताला जे वळण लागलेलं असतं, त्यातूनच पुढे धंदा उभा राहतो.

म्हणजे इलियटचं हाउस गरजेतून निघालं. कालो बहिणींचं मालातून निघालं, आणि मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. त्यांची आई लेस विणणारी. स्वतः बहिणी जुनी लेस, रेशमी फिती आणि अंतर्वस्त्रं विकत असत. कापडाची पारख त्यांच्या हातात आधीपासून होती आणि पोशाख नंतर आले. म्हणून त्यांच्या कामात लेस ही वरून लावलेली शोभा नसते, अख्खा पोशाखच तिच्याभोवती बेतलेला असतो. लॅमे, म्हणजे सोन्याचांदीच्या तारा विणलेलं चमकदार कापड, त्यांनी फार लवकर वापरात आणलं. पूर्वेकडच्या कशिद्याची आणि सैलसर कपड्यांची ओढही त्यांच्या कामात स्पष्ट दिसते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं काम मांडलं गेलं, तोवर त्यांच्याकडे सुमारे २०० माणसं कामाला होती. या सगळ्यावर थोरल्या मारी कालो जर्बेर यांची नजर असे.

त्यांच्याच हाताखाली १९०१ पासून काही वर्षं मादलेन व्हिओने नावाची तरुणी शिवणघराची मुख्य म्हणून काम करत होती. कापड आडवं-उभं न धरता तिरक्या धाग्यावर बेतण्याची कला पुढे जिने कळसाला नेली, तीच ही. कालो बहिणींचं काम पाहिलं नसतं तर मी फोर्ड मोटारीच बनवत राहिले असते, त्यांच्यामुळे मला रोल्स रॉइस बनवता आल्या, असं ती पुढे म्हणत असे. एका मोठ्या कारागिराने दुसऱ्याचं ऋण इतक्या मोकळेपणाने मान्य करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इलियटच्या शिवणघरात टिली आणि मॅज आहेत. पोशाख रेखाटणाऱ्या बहिणींइतकंच तो शिवणाऱ्या मुलींनाही मालिका महत्त्व देते आणि त्यांच्या सुखदुःखांना कथेत जागा करून देते. इथे मालिका खऱ्या इतिहासाच्याही पुढे जाते. कालो बहिणींच्या त्या शेकडो कामगार बायकांपैकी किती जणींची नावं आज कुणाला ठाऊक आहेत? बहिणी-बहिणींमधली ओढाताण, कुणाचं नाव पुढे यावं यावरून होणारी धुसफुस, धाकटीचं थोरलीच्या सावलीतून बाहेर पडणं, हे सगळंही आपल्याला इलियटकडेच मिळतं.

काळाकडे नीट पाहिलं तर दोन्ही गोष्टी उलट्या दिशेने जाताना दिसतात. १९२० च्या दशकात पोशाख सरळसोट झाला, कंबर खाली सरकली आणि दशकाच्या मध्यावर घेर गुडघ्याशी आला. असा पोशाख अंगाबरोबर बसवायला कमी खटाटोप लागतो, त्यामुळे कमी भांडवलाच्या, नवख्या माणसांनाही या धंद्यात शिरता येणं पटण्याजोगं आहे. इलियट बहिणींचा उदय म्हणूनच खरा वाटतो. पण सरळ बेताच्या पोशाखाची नक्कलही तितकीच सोपी. जुन्या लेसवर आणि अपार हातकामावर उभ्या असलेल्या कालो हाउसला ही साधेपणाची लाट जड गेली. मारी १९२७ मध्ये गेल्या, हाउस मुलाकडे आलं आणि १९३७ मध्ये ते काल्व्हे या दुसऱ्या हाउसमध्ये विलीन झालं. इलियट हाउस धंदा बुडून बंद पडलं नाही. चौथी भागमाला आलीच नाही, त्यामुळे कथेचे धागे लोंबकळत राहिले. त्याची हळहळ जुन्या प्रेक्षकांना आजही वाटते.

१९२० च्या दशकातले पोशाख चालत्याबोलत्या बायकांच्या अंगावर कसे दिसत, मण्यांच्या झालरी कशा हलत, हे पाहायचं असेल तर मालिका पाहावी. लेस आणि लॅमे जवळून बघायचं असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या किंवा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संकेतस्थळावर कालो (Callot) हे नाव शोधावं. छायाचित्र पुरेसं मोठं करून शिवणीपाशी थांबावं. लेसचा तुकडा कुठे संपतो आणि रेशीम कुठे सुरू होतं, हे चटकन सापडत नाही.