आयटीआयतला मुलगा कुठल्या रकान्यात?

आमच्या सातपूरमधले दोन मित्र दहावीपर्यंत एकाच बाकावर बसायचे. आता एक अकरावी सायन्सला आहे, रोज सिटीलिंकच्या बसने गंगापूर रोडला कॉलेजात जातो. दुसरा त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला आहे. व्हाइसमध्ये जॉब पकडून तासन्‌तास फाइल मारायची, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडासमोर धरायचं आणि बारीकशी फट दिसली की पुन्हा फाइल हातात घ्यायची. दोघंही सोळा वर्षांचे. पण देशादेशांची तुलना करणाऱ्या आकडेवारीत ‘सर्वसाधारण माध्यमिक शिक्षणातील विद्यार्थी’ मोजताना पहिला धरला जातो, दुसरा नाही.

नाशिकमध्ये शिक्षणाचा विषय निघाला की जर्मनीचा दाखला हमखास येतो. मायको सर्कलचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तो मुळात जर्मन बॉश समूहाचा. म्हणूनच या रकान्यातले भारत आणि जर्मनीचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ‘सर्वसाधारण’ या शब्दामागचा इतिहास बघायला हवा.

प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात 1788 साली आबिटूर ही शाळा संपतानाची परीक्षा आली आणि विद्यापीठाची वाट गिम्नाझियम या शाळेतून जाऊ लागली. कामाला लागलेल्या पोरांचं काय, हा प्रश्न 1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केरशेनस्टायनर यांनी हाती घेतला. या पोरांसाठी असलेल्या शाळा त्यांनी त्या-त्या धंद्याभोवती उभ्या केल्या. 1969 च्या कायद्याने या व्यवस्थेला पश्चिम जर्मनीभर एक चौकट मिळाली. आज जर्मनीतला शिकाऊ कामगार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, आणि तो उच्च माध्यमिकचा विद्यार्थीच मानला जातो. या टप्प्यावरची साधारण निम्मी मुलं अशा व्यावसायिक शाखेत असतात. त्यामुळे फक्त ‘सर्वसाधारण’ रकाना वाचला, तर जर्मनीत सोळाव्या वर्षानंतर मुलं शाळा सोडतात की काय असं वाटेल. ती सोडत नाहीत, शेजारच्या रकान्यात असतात.

आपल्याकडे 1857 साली मुंबई विद्यापीठ झालं आणि हायस्कूल म्हणजे मॅट्रिकची पायरी, हे समीकरण बसलं. 1882 च्या हंटर आयोगाने व्यवहारोपयोगी शिक्षणाची वेगळी शाखा सुचवली होती, पण ती रुजली नाही. याचा दोष पालकांच्या पांढरपेशा नोकरीच्या हौसेला देतात, ते मला पटत नाही. नाशिकमध्ये 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज आणि उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं, ते शेतकऱ्यांच्या पोरांना शिकता यावं म्हणून. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताचंच काम होतं, त्यांना शाळेत पुन्हा हाताचंच काम कोण आनंदाने देईल? त्यांना पुस्तक हवं होतं, कारण तेच आजवर नाकारलं गेलं होतं.

पुढे कोठारी आयोगाच्या आराखड्यानुसार महाराष्ट्रात दहावी-बारावीची पद्धत आली. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने 1995 पर्यंत उच्च माध्यमिकची 25 टक्के मुलं व्यावसायिक शाखेत नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. आपण त्याच्या जवळपासही गेलो नाही. ‘किमान कौशल्य’ हे व्यावसायिक अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या कोपऱ्यातच राहिले.

आयटीआयची गोष्ट आणखी वेगळी. 1950 मध्ये ही कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली ती कामगार मंत्रालयाकडून, आणि 2015 पासून ती कौशल्य मंत्रालयाकडे आहे. शिक्षण खात्याशी तिचा सांधा कधी नीट जुळलाच नाही. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायसमध्ये आयटीआयचा हजेरीपट येत नाही.

आणखी एक गफलत नेहमी होते. युनेस्कोच्या वर्गवारीत आपली सहावी ते आठवी ‘निम्न माध्यमिक’मध्ये धरतात. म्हणजे आपण जिला उच्च प्राथमिक म्हणतो, ती झेडपी शाळेतली सहावीची मुलगीही भारताच्या माध्यमिकच्या एकूण आकड्यात असते. शिवाय 140 कोटींचा देश आणि साडेआठ कोटींच्या आतला देश यांची नुसती पटसंख्या शेजारी मांडून काही कळत नाही. त्या वयाच्या शंभर मुलांमागे किती, हे बघावं लागतं, आणि दोन्ही रकाने मिळून बघावं लागतं.

आयटीआय झालेल्या मुलाला दोन भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. आमचा फिटर त्याच तयारीत आहे. दिवसभर फाइल मारून आल्यावर रात्री तो त्या मित्राचंच अकरावीचं मराठीचं पुस्तक घेऊन बसतो.