स्पिटफायर की एमजीबी? आधी दाराची फट बघा

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहत असल्यामुळे असेल, पण वर्षातून एक-दोनदा तरी कुणी मराठी मित्र फोन करतो आणि म्हणतो, "उघड्या टपाची, दोन सीटची जुनी ब्रिटिश गाडी घ्यायचीय. घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी खोलायची आणि पुन्हा उभी करायची. स्पिटफायर घेऊ की एमजीबी? तशा दोन्ही सारख्याच ना?"

दिसायला सारख्याच आहेत. दोन्ही १९६२ साली आल्या आणि दोन्ही १९८० साली बंद पडल्या. लांब नाक, आखूड शेपूट, पुढे चार सिलिंडर, ढकलणारी चाकं मागची. जन्म मात्र वेगळ्या घरातला. ट्रायम्फ स्पिटफायर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर कॅनलीत बनायची, एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये. १९६८ मध्ये दोन्ही कंपन्या ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली आल्या आणि तेव्हापासून लोकांनी या गाड्यांना सख्ख्या बहिणी समजायला सुरुवात केली. खरं तर स्पिटफायरची बाजारातली सवत होती एमजी मिजेट. एमजीबी वजनाने आणि इंजिनाने एक पायरी वरची: स्पिटफायर सातशे ते आठशे किलोंची, तर एमजीबी नऊशेच्या वर. स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसीपासून १४९३ पर्यंत वाढत गेलं, एमजीबीचं शेवटपर्यंत १७९८ राहिलं.

गाडी नुसती चालवणाऱ्याला एवढी माहिती पुरते. खोलून जोडणाऱ्याने प्रश्न वेगळा विचारायचा: गाडीचं वजन कोणता पत्रा पेलतो?

एमजीबीला चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा, नाही. मोनोकॉक, म्हणजे अंग हाच सांगाडा. पुढचं आणि मागचं चाक यांच्यामधला ताण वाहते ती दाराखालची लांब पोकळ पेटी, जिला इकडे सिल म्हणतात. टप असलेल्या गाडीत छप्परही थोडा भार घेतं, उघड्या गाडीत घेणार कोण? सिल सडली की गाडी मधोमध वाकायला लागते. एमजीबीची सिल एका पत्र्याचीही नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे उभा पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारखा दातेरी आकार असलेली पट्टी, म्हणून तिचं नावच कॅसल रेल. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलच्या आत मधला पडदा भुकटी होऊन पडलेला असतो, हे इथे अगदी नेहमीचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखलासकट साचतं आणि तिथूनच सिलमध्ये झिरपतं.

स्पिटफायरला मात्र चासी आहे, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. पन्नाशीच्या दशकात बहुतेक कंपन्या चासी सोडून मोनोकॉककडे वळत होत्या. ट्रायम्फला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला. अख्खी बॉडी एकसंध बनवून देणारा कुणी उरला नाही, म्हणून १९५९ ची ट्रायम्फ हेरल्ड जुन्या पद्धतीने, वेगळ्या चासीवर बोल्टने जोडलेल्या तुकड्यांची बनली. हीच चासी साडेआठ इंचांनी आखूड करून, इटालियन डिझायनर जिओव्हानी मिकेलोत्तीने तिच्यावर दोन सीटचं अंग चढवलं, ती स्पिटफायर. पैशांअभावी तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली धूळ खात पडला होता. १९६१ मध्ये लेलँड मोटर्सने (ब्रिटिश लेलँड अजून व्हायची होती) ट्रायम्फ घेतली तेव्हा नव्या मालकांच्या तो नजरेस पडला आणि गाडी बाजारात आली.

हेरल्ड हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने ती भारतात स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनवली आणि पुण्यात माझ्या मामांकडे एक होती. मी इथे १९७२ ची स्पिटफायर घेतली तेव्हा फोटो बघून मामा फोनवर म्हणाले, "अरे, ही तर आपल्या हेरल्डचीच पोरगी! मग घाबरतोस कशाला? बॉडी उचल, भिंतीला लाव, चासी घासून रंगव, बॉडी परत ठेव. पत्रा सडला तरी चासी आहे ना खाली."

मामा हेरल्डबद्दल अगदी बरोबर बोलत होते. माझी फसगत झाली ती पुढच्या पायरीवर.

दोन्ही सिल सडलेल्या होत्या. चासी आहे म्हटल्यावर सिल म्हणजे नुसती शोभा, असं मी धरून चाललो. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढवली, दारं काढली, ग्राइंडर घेतला आणि एका शनिवारी दोन्हीकडच्या सिल कापून बाजूला ठेवल्या. फार समाधान वाटलं. रविवारी सहज म्हणून दार बिजागऱ्यांना लावून पाहिलं तर ते लागेना. वरच्या बाजूला दार आणि मागचा खांब यांच्यामध्ये आधी बोट जाईल एवढी फट होती, ती मिटून पत्र्यावर पत्रा घासत होता. बॉडी मधोमध खचली होती.

हेरल्डच्या चासीला दोन्ही कडांनी, दारांच्या खालून जाणारे लांब गज असतात. बॉडी त्यांच्यावर टेकते, म्हणून तिथे सिल खरंच शोभेची. स्पिटफायर आखूड आणि हलकी करताना ट्रायम्फने ते बाजूचे गज काढून टाकले. राहिला फक्त मधला कणा. मग कडांची ताकद आणायची कुठून? सिलमधून. एवढंच नाही, मागच्या चाकाला जागेवर धरून ठेवणाऱ्या रेडियस आर्मचं पुढचं टोकही चासीला नाही, सीटच्या मागे बॉडीलाच बोल्टने जोडलेलं असतं. म्हणजे स्पिटफायर अर्धी चासीवर आणि अर्धी पत्र्यावर उभी. 'चासीवाली गाडी, सोपी गाडी' हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्याच्या खोट्या अर्ध्या भागाने माझे तीन महिने खाल्ले.

सिलचं काम कसं करायचं, याबाबतीत या दोन गाड्या बाहेरून दिसतात त्याहून जवळच्या आहेत. दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी नळीचा आडवा आधार आधी वेल्ड करायचा. एका वेळी एकच बाजू कापायची. नवी सिल आधी क्लॅम्पने धरून, दार लावून, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही ते बघायचं, मगच वेल्डिंगचे टाके घालायचे. स्पिटफायरमध्ये ही सिल बॉडी चासीवर बोल्टने आवळलेली असतानाच बदलायची, बॉडी उचलून नव्हे. मामांचा सल्ला पाळायचाच असेल तर सिल पक्क्या झाल्यावर पाळा. तेव्हा मात्र मजा येते: सीट, दारं, बॉनेट काढलं की चार माणसं तो डबा हाताने उचलतात. एमजीबीत ही मजा नाही. उचलायला खाली काही नाहीच.

एमजीबीला एक जास्तीची अडचण आहे. तिची सिल पुढे मडगार्डखाली जाते. नीट काम करायचं तर मडगार्ड सोडवावंच लागतं. ते बोल्टचं आहे, पण विंडस्क्रीनजवळचे बोल्ट डॅशबोर्डच्या आतून हात घालून काढताना मनगट सोलून निघतं. म्हणून विकणारे लोक सोपी वाट धरतात: सडलेल्या सिलवरून नवा पत्रा चढवायचा, वर लांबी (पुट्टी) मारायची, रंग लावायचा. वाहनतपासणीत कदाचित खपतंही. आतला पडदा नसतो तो नसतोच.

म्हणून एमजीबी बघायला गेलात तर लोहचुंबक न्या (लांबीला ते चिकटत नाही) आणि एक जॅकही. तिच्या सिलखाली मधोमध जॅक लावायची जागा दिलेली असते. मालकाची परवानगी घेऊन तिथे हळूहळू उचला आणि डोळे दाराच्या फटीवर ठेवा. फट हलली नाही तर गाडी निरोगी. हलली तर भाव उतरवा, किंवा गाडी न घेता घरी परता. मालकाने जॅक लावू दिला नाही, तर उत्तर मिळालंच आहे. सीटमागचा कप्पाही उघडून बघा. जुन्या एमजीबीत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांच्या खालचे कप्पे ॲसिडने खाल्लेले निघतात. स्पिटफायरमध्ये बॅटरी इंजिनामागच्या आडव्या भिंतीवर बसते, तिथला पत्रा बघा आणि पायाखालच्या फरशीचे पुढचे कोपरे. चासी सहसा बरी असते. मधे इतकं तेल गळत असतं की गंजाची हिंमत होत नाही!

एमजीबीच्या बाजूने एक मोठी गोष्ट बोलते. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साचे वापरून तिचं अख्खं नवं अंग बनवते. पत्रा हाताबाहेर गेला तर पैसे ओतून नवं कवच आणायचं आणि जुन्या गाडीचं सामान त्यात बसवायचं. मग ते रिस्टोरेशन की नवी गाडी, यावर संध्याकाळभर भांडता येतं.

यंत्राच्या कामात स्पिटफायर घरच्या माणसाला जास्त सांभाळून घेते, आणि इथे मी उघडपणे तिच्या बाजूचा आहे. तिचं बॉनेट आणि मडगार्ड मिळून एकच तुकडा आहे, तो पुढे पालथा पडतो. तुम्ही पुढच्या टायरवर बसता, शेजारी चहा ठेवता आणि कार्ब्युरेटर समोर असतो. गिअरबॉक्स गाडीच्या आतून, सीट आणि मधलं झाकण काढून, वर उचलून निघतो. एमजीबीची क्लचप्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावं लागतं. माझ्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये गेली दोन वर्षं ते साखळीला लटकलेलं आहे.

इंजिन बंद असताना एक परीक्षा मात्र स्पिटफायरची आवर्जून घ्या, विशेषतः १५०० ची (१४९३ सीसी इंजिनाची). एकाला आत बसवून क्लच दाबायला आणि सोडायला सांगा, आणि तुम्ही पुढून क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली बघा. ती पुढे-मागे सरकताना डोळ्याला स्पष्ट दिसली, तर आतल्या थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजल्या आहेत. त्या पूर्ण निखळून तेलात पडल्या की क्रँक थेट इंजिनाचा ब्लॉकच खातो.

माझ्या गाडीचं दार आता लागतं. चालकाच्या बाजूचं मात्र अजून जरा वर उचलून लावावं लागतं, आणि मामांना मी ते सांगितलेलं नाही.